कॅसेटवरचा डाग

माझ्या थोरल्या पोराच्या, युवराजच्या, डाव्या गालावर डाग होता. चिंचोक्याएवढा. डोळ्याखाली दोन बोटं सोडून. हे आधीच सांगून ठेवते, कारण ज्या दिवशी सांगायला पाहिजे होतं त्या दिवशी मी उलटं सांगितलं, आणि नंतर खरं सांगितलं तेव्हा ते कुणाला पटलं नाही.

मी गोजरबाई. शाळा तिसरीपर्यंत, पण आजवर मला कुणी फसवलेलं नाही. आमचं गाव केम. आमचे मालक आबासाहेब वारल्यावर धाकट्या पृथ्वीराजनं मला सोलापूरला आणलं. तो एसटीत कंडक्टर आहे. सून सोनाली ब्लाउज शिवते, नात ऋतुजा नववीत आहे. जुळे सोलापुरात आमच्या तीन खोल्या. त्या घरात आमटीला मीठ किती ते अजून मी सांगते. कुणाला ते जड जात असेल तर त्यानं आपली चूल वेगळी मांडावी. आजवर कुणी मांडलेली नाही.

युवराज सतराव्या वर्षी घर सोडून गेला. किल्लारीला भूकंप झाला त्याच्या आधी तीन महिने. मालक वर्षभर हिंडले. भूकंपानंतर तर त्यांनी तिकडची गावंही पालथी घातली, पोरगं कामाच्या शोधात तिकडं गेलं असेल आणि गाडलं गेलं असेल म्हणून. युवराजचा एकच फोटो होता, तो त्यांच्या खिशात असायचा. दाखवून दाखवून तो घडीवर फाटला, आणि घडी आली होती नेमकी तोंडावर.

मग उरली ती कॅसेट. युवराज गेला त्याच साली पाडव्यानंतर पृथ्वीराजचं जावळ काढलं होतं. नवसाचं म्हणून पाचव्या वर्षी. माझा भाऊ लाल फेटा बांधून मांडीवर भाचा घेऊन बसला होता, दारात बोकड बांधला होता, आणि मालकांनी हौसेनं करमाळ्याचा शूटिंगवाला आणला होता. त्या कॅसेटमध्ये युवराज धाकट्याला खांद्यावर घेऊन कॅमेऱ्याकडं चालत येतो आणि हसतो. दहा-बारा पावलं. सगळ्या दुनियेत माझा पोरगा तेवढाच शिल्लक होता.

व्हीसीआर गेला, टीव्ही बदलले, कॅसेट ट्रंकेत गोधड्यांखाली पडून राहिली. गेल्या दिवाळीत पृथ्वीराजनं काढली तर फितीवर पांढरी बुरशी. तो तशीच ती छातीशी धरून बसला. दादाचं बोट धरून चाललेलं त्याला आठवत नाही. दादाचा आवाज आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की आपल्याला एक दादा होता आणि तो आपल्याला सांगून गेला नाही.

नव्या पेठेत कापडाच्या दुकानावर, अरुंद जिना चढून गेलं की रुद्रप्पाचं दुकान लागतं. माणूस अक्कलकोटच्या बाजूचा, घरात कानडी बोलणारा, म्हाताऱ्या बाईला अव्वा म्हणणारा. पूर्वी लग्नांचं शूटिंग करायचा. आता लोकांच्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरात घालून साफ करून देतो. आमची कॅसेट बघून त्यानं तोंड वाकडं केलं नाही, हे मला आवडलं. डबी खोलली, फीत बाहेर काढली, आणि पांढऱ्या फडक्यानं वीत-वीत पुसत बसला. बाई लेकराचे हातपाय पुसते तशी. पंधरा दिवसांनी या म्हणाला.

पंधरा दिवसांनी मी, पृथ्वीराज आणि ऋतुजा गेलो. त्यानं आधी जसं निघालं तसं दाखवलं. पडद्यावर नुसत्या मुंग्या. आडव्या रेघा, चित्र मधूनच हिसका खाऊन वर सरकायचं. मुंग्यांतून फेटा दिसला, मांडव दिसला, आणि मग मुंग्यांतून तो चालत आला. तोंड नीट दिसायच्या आधी मी त्याला चालीवरून ओळखलं. उजवा खांदा जरा पाडून चालायचा.

रुद्रप्पानं समजावून सांगितलं. मशीन पुढचं-मागचं चित्र ताडून बघतं, घाण कुठली आणि माणूस कुठला ते ठरवतं. घाण काढली की तिथं भोक पडतं, ते भोक मशीन आपल्या अंदाजानं भरतं. अंदाज म्हणजे अंदाजच, असं तो दोनदा म्हणाला. मग त्यानं युवराजचं तोंड पडद्याएवढं मोठं केलं आणि गालावर बोट टेकवलं.

"अव्वा, हा डाग कॅसेटवरचा का तोंडावरचा?"

पृथ्वीराज माझ्याकडं बघायला लागला. ऋतुजाही. त्या दोघांना माहीत असायचं काही कारण नव्हतं.

तोंडावरचा म्हणाले असते तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, कशानं झाला म्हणून. केममध्ये मी सगळ्यांना सांगितलं होतं, पोरगं चुलीवर पडलं. खरं असं की तो नऊ वर्षांचा होता. माझी जाऊ केराबाई हिच्या माहेरची माणसं जेवायला बसली होती, आणि त्यांच्यादेखत हा म्हणाला की आमच्या घरात तूप फक्त पाहुणे आल्यावर निघतं. माझ्या हातात तव्यावरचं उलथनं होतं. माझा हात जिभेसारखाच आहे, आधी जातो, मग कळतं.

"कॅसेटवरचा," मी म्हणाले. "पुसून टाक."

रुद्रप्पा थांबला. परत एकदा बघा म्हणाला, बाकीचे डाग जागा बदलतात, हा एकाच जागी राहतोय.

"पोराची आई मी हाय का तू हायस?"

त्यानं मान हलवली आणि माऊस दाबला. टिक असा एवढासा आवाज झाला. गाल स्वच्छ झाला.

तेव्हा मला एक गोष्ट आठवली, ती मी लगेच दाबून टाकली. युवराज गेला त्या दिवशी आमचं भांडण झालं होतं. कसल्या तरी साध्या गोष्टीवरून, शेतावर उशिरा गेला एवढंच. मी त्याला नको ते बोलले आणि उलथनं नुसतं उचललं. मारलं नाही, उचललं. तो दारात उभा राहिला आणि गालावर बोट ठेवून म्हणाला, "हा डाग जाईल त्या दिवशी यीन." मी चुलीपुढून मान वर न करता म्हणाले, "जा की, कुणी धरलंय."

साफ झालेलं चित्र घरी टीव्हीवर लावलं. शेजारपाजारची माणसं बोलावली, सोनालीनं पोहे केले. युवराज मांडवातून चालत आला तर बायकांनी पदर डोळ्याला लावले. शर्टाची बटणं मोजावीत इतकं साफ. गाल तर साखरपुड्याच्या नवऱ्यामुलासारखा. पृथ्वीराजनं ती दहा-बारा पावलं किती वेळा मागं-पुढं केली, सांगता येत नाही.

मला मात्र त्यात एक गोष्ट खुपली. युवराजच्या मागं आमच्या घराची भिंत दिसते. त्या भिंतीवर तेव्हा घोंगडी वाळत घातली होती, काळी, पांढऱ्या पट्ट्यांची. मशीनला ती घोंगडी कळली नव्हती. त्यानं तिथं खिडकी केली होती. गजांची, चौकटीसकट. आमच्या त्या घराला रस्त्याकडं खिडकी कधीच नव्हती. ते मी कुणाला दाखवलं नाही. एक चूक दाखवली असती तर माणसं दुसरी शोधायला लागली असती.

आणि मग मी जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं नसतं.

आमच्या देवघरात टाक आहेत, चांदीच्या पत्र्यावर उठवलेले देव. रोजच्या पूजेनं पुसून पुसून देवाचं नाक-डोळं झिजतं, तेव्हा सोनाराकडून नवे टाक करून घेतात, आणि जुने खणात गुंडाळून नदीत सोडतात. घरात एकाच देवाचे दोन टाक ठेवत नाहीत. माझ्या सासूनं केलं, मी केलं. मी म्हणाले, इथंही तोच नियम. नवा युवराज आला, जुना पाण्यात गेला पाहिजे. रुद्रप्पा नको म्हणत होता, निदान मुंग्यांचं ते कच्चं चित्र मशीनमध्ये राहू दे म्हणत होता. मी त्याला माझ्यासमोर ते पुसायला लावलं. नियमाचं निमित्त होतं, खरं कारण गालावर होतं.

तिऱ्ह्याच्या पुलावरून आम्ही कॅसेट सीना नदीत सोडली. खण गुंडाळला होता, हळदकुंकू वाहिलं होतं. पण पाण्यावर आपटताना डबी फुटली आणि फीत बाहेर आली. काळी, चकचकीत, लांबच लांब. ती बुडेना. पुलाच्या खांबाला धरून हलत राहिली. पृथ्वीराज म्हणाला, चल आई. मी मागं वळून बघितलं नाही, पण ती तिथंच होती हे मला पाठीला कळत होतं.

त्यानंतर पृथ्वीराजनं ती दहा पावलं मोबाईलवरून सगळीकडं पाठवली. गाडीतल्या माणसांना तिकीट देता देता दाखवायचा. विजापूर, गुलबर्गा, लातूर, जिथली फेरी लागेल तिथं. खाली लिहिलेलं, माझा भाऊ, केमचा, आता वय एकोणपन्नास. रुद्रप्पानं पण आपल्या दुकानाच्या तोंडाशी टीव्हीवर लावलं, काम किती साफ होतं ते गिऱ्हाइकांना दिसावं म्हणून.

एप्रिलमध्ये, भर उन्हाचं, दाराची कडी वाजली. ऋतुजानं दार उघडलं. बाहेर एक माणूस उभा होता. उंच, पांढरा शर्ट, केस रंगवलेले. त्यानं चपला काढल्या, सरळ आत आला, माझ्या पायावर डोकं ठेवलं आणि म्हणाला, "आई, आलो."

मी त्याचं तोंड हनुवटीला धरून वर केलं. टीव्हीतल्या त्या चेहऱ्याला तीस वर्षं म्हातारं केलं तर जसा दिसेल तसाच दिसत होता. नाक तेच, जिवणी तीच. डावा गाल स्वच्छ.

पृथ्वीराज ड्युटीवरून आला आणि दारातच खाली बसला. मोठा माणूस, पोराला शाळेत सोडताना पोर रडतं तसा रडला. त्या माणसानं त्याला जवळ घेतलं, पाठीवर थोपटलं. हुबळीकडं ट्रकवर होतो म्हणाला. अपघात झाला, डोक्याला मार लागला, नाव-गाव सगळं गेलं. परवा एका धाब्यावर कुणीतरी मोबाईलवर ही फिल्म दाखवली आणि सगळं लख्ख आठवलं.

सगळं म्हणजे काय ते मी आठ दिवस बघत होते. मामाचा लाल फेटा त्याला आठवत होता. दारातला बोकड, मांडवाचं झालर लावलेलं कापड, पृथ्वीराजनं खांद्यावर बसून त्याचे केस धरलेले, सगळं. जे जे कॅसेटमध्ये होतं ते. विहीर कुठल्या अंगाला होती विचारलं, तर कपाळाला हात लावायचा. घरात देव कुठल्या कोपऱ्यात होते विचारलं, तर डोळे भरून आणायचा. कॅमेरा आमच्या उंबऱ्याच्या आत गेला नव्हता. ह्याची आठवणसुद्धा उंबऱ्याच्या बाहेरच उभी होती.

एका दुपारी तो अंगणात ऋतुजाला गावाकडच्या गोष्टी सांगत होता. मी आत गहू निवडत होते. त्याचा आवाज आला, मी शाळेतून आलो की त्या खिडकीत बसायचो, गजांतून रस्त्यावरची बैलं मोजायचो.

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं.

पृथ्वीराज आला तेव्हा मी त्याला मोरीकडं नेऊन सांगितलं, की आपल्या घराला खिडकीच नव्हती, मशीननं घोंगडीची खिडकी केली, आणि हा त्याच खिडकीत बसायचो म्हणतोय. त्यानं खिशातून मोबाईल काढला, चित्र थांबवलं, बोटांनी मोठं केलं आणि माझ्या डोळ्यापुढं धरलं.

"ही काय खिडकी. दिसायलीय की, आई."

घर आता नाही. भिंत पडली, दगड लोकांनी नेले. मी म्हणाले, केराबाईला विचार. केराबाई अजून केममध्येच असते, कानानं कमी. त्यानं फोन लावला, स्पीकरवर टाकला. पलीकडून ती ओरडली, "आसंल की, बाई. बिनखिडकीचं घर आसतंय व्हय कुटं." आणि मी तिला पन्नास वर्षं बिनडोक म्हणत आले त्याचं तिनं असं उसनं फेडलं, तिला न कळता.

माणूस घरात मुरत गेला. कुठला डबा कुठं, पाणी किती वाजता येतं, ऋतुजाची शिकवणी किती वाजता सुटते, सगळं त्याला ठाऊक झालं. सोनाली त्याला भाऊजी म्हणून दुसऱ्यांदा वाढायची. कुणावर आवाज चढवायचा नाही, कशाला नाही म्हणायचा नाही. मी काहीही टोचून बोलले तर हसायचा. माझं पोरगं माझ्या बोलण्यावर कधी हसलं नाही, ते उलट बोलायचं. मग एक दिवस पृथ्वीराज म्हणाला, दादा थोरला आहे, केमच्या उताऱ्यावर त्याचं नाव लागायला पाहिजे, पुढच्या महिन्यात जाऊन येतो दोघं. जमिनीचं मला दुःख नव्हतं. पण एकदा ते नाव लागलं असतं की युवराज नावाची जागा भरली असती. मग खरा कधी दारात आला असता, तर त्याला काय सांगायचं होतं मी, की बाबा, तू आत बसलायस?

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे चहाला बसलेले असताना मी सांगितलं. डागाचं, उलथन्याचं, रुद्रप्पाच्या दुकानातल्या खोट्याचं. काही ठेवलं नाही. तो दारात काय म्हणाला आणि मी काय म्हणाले तेही. बाहत्तर वर्षांत मी कुणापुढं एवढी खाली बसले नव्हते.

पृथ्वीराजनं बशी बाजूला सारली.

"दुकानात तू कॅसेटवरचा म्हणालीस."

"खोटं बोलले."

"मग आता खरं बोलायलीस कशावरून? एकदा तू त्याला घालवलंस. आता परत घालवायलीस."

तेवढ्यात त्या माणसानं कप खाली ठेवला. तळहात हळूहळू वर नेला आणि डाव्या गालावर ठेवला, डोळ्याखाली, मी सांगितलं होतं बरोबर तिथं.

"आई खरं बोलतीया," तो म्हणाला. "आत्ता आठवलं. हितं होता. लई वर्षं होता, मग जात जात गेला." आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "म्या म्हणलो हुतो की, आई. डाग गेला, म्हणून आलो."

पृथ्वीराज उठून त्याच्या गळ्यात पडला. कॅसेटबाहेरची एकच गोष्ट माझ्याकडं उरली होती, ती मी माझ्या हातानं त्याच्या ताटात वाढली.

फक्त ऋतुजा माझ्याजवळ आली. "आज्जी, भाजलं तेव्हा तो रडला?"

नाही म्हणाले. माझ्याकडं बघत राहिला.

त्या दुपारी मी एकटी रिक्षा करून नव्या पेठेत गेले. जिना चढून रुद्रप्पाला विचारलं, ते मुंग्यांचं चित्र कुठं कोपऱ्यात राहिलं असेल तर काढून दे. त्यानं कॉम्प्युटर उघडून दाखवला. तुमच्यासमोरच पुसलं अव्वा, म्हणाला, आणि कॅसेट तर तुम्ही नदीला दिली. मला पाणी दिलं. मग काहीतरी आठवल्यासारखं म्हणाला, की आठ दिवसांपूर्वी एक माणूस जिन्यात उभा होता. हातात पिशवी, दाढी पांढरी. बाहेरच्या टीव्हीवर आमचं चित्र चाललं होतं, ते त्यानं तीनदा बघितलं आणि आत येऊन विचारलं, ह्या पोराच्या गालावर डाग होता तो कुठं गेला.

"तू काय सांगितलंस त्येला?"

रुद्रप्पानं त्याला जे होतं ते सांगितलं होतं, की त्याच्या आईनं सांगितलं डाग कॅसेटवरचा आहे, म्हणून पुसला. त्या माणसानं परत विचारलं होतं, आईनंच सांगितलं का. रुद्रप्पा हो म्हणाला होता. वर, चांगली बातमी म्हणून, हेही सांगितलं होतं की ते पोरगं सापडलं, घरी आलंय, सगळे आनंदात आहेत.

"मग?"

"मग काय न्हाय अव्वा. पाणी पिला आन गेला."

"गालावर काय हुतं त्येच्या?"

"दाढी होती की. खरं एका जागी केस उगवले नव्हते." त्यानं बोट आपल्या डाव्या गालावर ठेवलं आणि मग माझ्या तोंडाकडं बघून ते हळूच काढून घेतलं.

तो माणूस उतरताना कुठला खांदा पाडून चालत होता, हे विचारायचं मला जिना उतरल्यावर सुचलं. परत वर चढले. त्यानं बघितलं नव्हतं.

घरी येऊन मी पृथ्वीराजला फक्त एवढंच म्हणाले, की माझं ऐकू नको, रुद्रप्पाला फोन लाव. त्यानं गच्चीवर जाऊन लावला. बराच वेळ बोलत होता. खाली आला तेव्हा जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्या माणसानं दादाला शोभेल असं काहीतरी विचारलं तर पृथ्वीराजनं उत्तर दिलं, पण वर बघितलं नाही. उताऱ्याचं काम पुढं बघू म्हणाला. मी मनात म्हणाले, हललं. इतक्या दिवसांनी काहीतरी हललं. आणि त्या माणसालाही ते कळलं होतं. त्याचं हसणं थोडं कमी झालं होतं आणि तो सारखा माझ्याकडं बघत होता. माझ्या हाताकडं. मी भाकरी करताना.

मी रोज नव्या पेठेत जाऊन बसायला लागले. सकाळी दहाला, त्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर. मग रुद्रप्पानं खाली जिन्याच्या तोंडाशी स्टूल दिलं. समोरून साडीवाले हाका मारत असतात, बायका भाव करत असतात, रिक्षा एकमेकींत अडकतात. मी फक्त दाढीवाल्या माणसांचे डावे गाल बघते. एकदा इथं आला तो परत येईल. डाग गेला तर येतो म्हणाला होता. पण डाग त्याच्यावर आहे अजून, आणि मी तो दुसरीकडून पुसला. आता त्यानं काय समजावं?

परवाच्या दिवशी संध्याकाळी मी स्टूल आत ठेवत होते, तर जिन्याच्या तोंडाशी रिक्षा थांबली. आत घरातला तो माणूस बसलेला. आजपासून मीच न्यायला येत जाईन म्हणाला, उन्हात असं बसणं बरं नाही. गालाला रुमाल धरला होता. दात दुखतोय का विचारलं, तर नाही म्हणाला.

रिक्षा चालू झाली. त्यानं माझं मनगट धरलं, म्हाताऱ्या आईला आधार द्यावा तसं, आणि दुसऱ्या हातानं रुमाल काढला.

डोळ्याखाली दोन बोटं सोडून. चिंचोक्याएवढा. लाल, ओला, वर हळद दाबलेली. त्याची कड मला ओळखू आली. एका बाजूला गोल आणि एका बाजूला सरळ. केमहून येताना मी फक्त देव, ट्रंक आणि ते उलथनं आणलं होतं.

"बघ आई," तो म्हणाला. "जुना डाग परत वर आला. उन्हानं आसंल. वाळला की पृथ्वीला दाखवतो."

मी हात सोडवायला बघितला. त्यानं सोडला नाही. घट्टही केला नाही, नुसता तसाच ठेवला.

"आन उद्यापासनं मीबी येतो तुज्यासंगं बसायला," तो म्हणाला. "दोगं मिळून वाट बगू त्येची."